एप्रिलमधला रेनकोट

(विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मला विषय दिलाय ‘वर्गातले नवे प्रयोग’. प्रयोग म्हटलं की मला आधी फसलेलेच आठवतात, तर तिथूनच सुरू करते.

मी कोकणात शिकवते. बौद्धिक अक्षमता असलेली आठ मुलं, वय दहा ते चौदा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. शाळा सुटायची वेळ, बाहेर धो धो, रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत आणि आत मी नि मावशी आठ जणांना रेनकोटात कोंबतोय. रेनकोट घालायला आम्ही शिकवायचो तेव्हाच, जूनमध्ये. म्हणजे ज्या घटकेला शिकवायला अजिबात वेळ नसतो, नेमकं त्याच घटकेला. अशी सहा-सात वर्षं गेली. मग एका वर्षी नियोजनाची वही लिहिताना लक्षात आलं की रेनकोट हा जूनचा विषय नाहीच, तो एप्रिलचा आहे. एप्रिलमध्ये घाई नसते.

एका देणगीदारांनी आठ रेनकोट दिले. सगळे निळे, पुढे चापाची बटणं. मी कृतीचे टप्पे पाडले, अकरा झाले: घडी उलगडायची, आतली बाजू ओळखायची, उजवा हात, डावा हात, टोपी, असं करत शेवटचं बटण. आणि शिकवायला घेतलं ते शेवटच्या टप्प्यापासून. हे तुम्ही अभ्यासक्रमात वाचलं असेल, पण वाचणं निराळं. दहा टप्पे मी करायचे आणि अकराव्या टप्प्याचं, म्हणजे शेवटचं बटण फक्त मुलाने दाबायचं. टक् आवाज आला की रेनकोट घालून झाला! तो त्याने घातला! पहिल्या टप्प्यापासून सुरू केलं असतं तर घडी उलगडून तो बिचारा बाजूला झाला असता आणि पुढचं सगळं मीच केलं असतं. मग त्याच्या हाती काय लागलं? प्लास्टिक. शेवटून गेलं की रोजचा धडा यशावर संपतो. दहावा टप्पा आला, मग नववा, असं मागे मागे सरकायचं.

पण रेनकोट घातला, पुढे काय? पाऊस कुठाय? म्हणून अंगणात झारीने पाऊस पाडला. मावशी बाकावर उभ्या राहून झारी धरायच्या. तेवढ्यासाठी मुलं अकरा टप्पे करायला तयार होती.

एक मुलगी मात्र रेनकोट दिसला की कान झाकायची. प्लास्टिकची चुरचुर आणि मानेला लागणारा गारवा, दोन्ही तिला सोसत नव्हतं. तिचा रेनकोट सहा दिवस नुसता तिच्या खुर्चीवर टाकून ठेवला. सातव्या दिवशी तिने तो स्वतः मांडीवर घेतला. वहीत मी त्या आठवड्यापुढे ‘प्रगती नाही’ असं लिहिलं होतं. ते नंतर खोडलं.

आता फसलं कुठे ते सांगते. जून आला. आठपैकी पाच जण निळा रेनकोट स्वतः घालत होते, मी खुशीत. पहिला पाऊस पडला आणि मुलं घरचे रेनकोट घेऊन आली. एकाला चेन, एकाचा डोक्यावरून घालायचा, एकाचा आईने दोन वर्षं पुरावा म्हणून ढगळ घेतलेला. पाचही मुलं हातात रेनकोट धरून माझ्याकडे बघत उभी! मी त्यांना रेनकोट घालायला शिकवलंच नव्हतं. तो निळा रेनकोट घालायला शिकवलं होतं. शिकलेलं एका जागेवरून, एका वस्तूवरून दुसऱ्यावर आपोआप जाईल असं आपण धरून चालतो. आपल्या मुलांच्या बाबतीत ते वेगळं शिकवावं लागतं.

बालवाडीतली ती मॉन्टेसरी पद्धतीची, कापडाला बटणं लावायची चौकट आठवते? तिचंही तेच. टेबलावरच्या चौकटीची बटणं झटझट लावणाऱ्या मुलाला स्वतःच्या शर्टाची लावता येत नाहीत, कारण छातीवरचं बटण वरून बघावं लागतं, सगळं उलटं दिसतं. चौकटीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी बाईंनी १९०७ मध्ये रोमला बालगृह ही लहान मुलांची शाळा काढली ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी त्या रोममध्येच आपल्या वर्गातल्यासारख्या मुलांबरोबर काम करत होत्या, इतार आणि सेग्यँ या फ्रेंच डॉक्टरांचं काम पुढे नेत होत्या. तिथलं साधन मग बाकीच्या मुलांच्या शाळेत गेलं. तेव्हा कुणी म्हणालं की ‘तुम्ही बालवाडीचंच सामान वापरता होय’, तर त्यांना हा हिशेब जरूर ऐकवा.

पुढच्या वर्षी मार्चच्या पालकसभेत सांगितलं: रेनकोट मे अखेरीला नको, आत्ताच घ्या आणि शाळेत पाठवा. तिघांनी पाठवले. एका वडिलांनी विचारलं, “बाई, होळीला रेनकोट?” पण पाठवला.

दुसरी चूक माझ्या तोंडाची. मी प्रत्येक टप्प्यानंतर “आता काय?” विचारायचे. मदत केली असं मला वाटायचंच नाही, कारण हात लावत नव्हते. महिनाभराने एका मुलाच्या आजी म्हणाल्या, हा घरी आंघोळीला गेला की तांब्या हातात घेऊन उभा राहतो, स्वतःच “आता काय” म्हणतो आणि मगच पाणी घेतो. म्हणजे “आता काय” हा बारावा टप्पा मी शिकवून ठेवला होता. तेव्हापासून वहीत रोज प्रत्येक टप्प्यापुढे एक अक्षर लिहिते: हाताला धरून केलं तर ‘ह’, खूण केली तर ‘ख’, बोलून सांगितलं तर ‘ब’, आपणहून केलं तर ‘आ’. आपली बोलून सांगायची सवय सगळ्यात उशिरा सुटते, तुमचं तुम्हीच लिहून बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. साधन, जागा, वेळ सगळं एकदम बदललंत तर जमलं कशाने आणि बिनसलं कशाने, काहीच कळत नाही.

वैयक्तिक शिक्षण योजनेबद्दल, म्हणजे एकेका मुलासाठी वेगळी लिहायच्या त्या योजनेबद्दल, फार बोलत नाही, नमुने तुमच्याकडे आहेत. एवढंच म्हणेन की ती तपासणीच्या आदल्या रात्री भरू नका. आम्हीही भरल्यात.

मोठं नियोजन वयाचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलंय. मुलगा आज तेरा वर्षांचा असेल तर उरली पाच वर्षं. वर्षाचे कामाचे दिवस दोनशे धरा, झाले हजार दिवस. या हजारातले किती दिवस मी त्रिकोण-चौकोनाला देऊ? दाढी कधी शिकवू? मुलींना पॅड बदलणं पाळी येण्याआधी शिकवायचंय की नंतर? पैशांचं तर आणखी गंमतशीर झालंय. आम्ही नाणी-नोटा ओळखायला दोन वर्षं घालवली आणि आता कोपऱ्यावरचा वडापाववालाही क्यूआर कोड पुढे करतो. नाणी सोडलेली नाहीत, पण त्यांचे दिवस कमी केले.

कशाला किती दिवस द्यायचे हे मी एका आईकडून शिकले. योजना करताना विचारलं, वर्षअखेर याला काय यायला हवं? मला वाटलं, नाव लिहिणं म्हणतील. त्या म्हणाल्या, “मला एकदा लग्नात पूर्ण पंगत जेवायचीय. अकरा वर्षांत अर्ध्या पंगतीतून उठून बाहेर गेलेय.”

हे उद्दिष्ट कुठल्या यादीत बसतं सांगा! आम्ही शाळेत पंगत मांडली. आधी चार मिनिटं, पत्रावळ, एकच पदार्थ, शांतता. मग आठ मिनिटं. मग शेजारी मुलं. मग मोबाइलवर सनई, आधी बारीक आवाजात. कुठल्या दिवशी काय वाढवायचं ते सगळं आधी लिहिलेलं. बिघडलं की एक पायरी खाली. मे महिन्यात त्याच्या मावसबहिणीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला: “बाई, मसालेभातापर्यंत बसला. जिलबी मी खाल्ली.” मठ्ठा राहिला, पण जिलबी झाली.

आता तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्याकडे आणखी एक कार्य आहे. तिथे पंगत नाही, बुफे आहे. म्हणजे ताट हातात धरून रांगेत उभं राहायचं, सांडायचं नाही, पुढच्याला ढकलायचं नाही आणि चार वाट्यांतलं आपलं आपण निवडायचं. परवापासून रिकामं ताट घेऊन दोन मिनिटं उभं राहायला सुरुवात केलीय.