वाळलेलं गवत आणि मेंढीचं कोटीपोट

(दृश्य : माणदेशातला माळ. बाभळीखाली बसलेला कळप.)

वैशाखातली दुपार. दख्खनी मेंढ्या सावलीला टेकल्यात आणि प्रत्येकीचा जबडा हलतोय. सकाळी त्यांनी चरलं ते कुसळी आणि पवन्याचं गवत, पावसाळा सरल्यावर पिवळं पडलेलं. घाईघाईनं गिळलेलं ते गवत आता घासाघासानं वर येतंय, पुन्हा दळलं जातंय. असं राठ गवत खाणारी मेंढी दिवसरात्र मिळून आठेक तास रवंथ करते.

(दृश्य : मेंढीच्या पोटाची आकृती.)

हा घास जातो कोटीपोटात. पोटाच्या चार कप्प्यांतला हा सर्वांत मोठा. गवतातलं सेल्युलोज मेंढीला स्वतःला पचवता येत नाही. ते फोडतात इथे राहणारे जिवाणू, बुरशी आणि आदिजीव. त्यातून आम्लं तयार होतात, कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात उतरतात, आणि मेंढीला लागणारी बहुतेक ऊर्जा त्यांच्यातूनच मिळते. मग हे जिवाणूही पुढे वाहत जातात आणि पचतात. मेंढीच्या वाट्याला येणारी बरीचशी प्रथिनं म्हणजे हे जिवाणूच.

म्हणून वाळल्या काडीला हलकं समजू नये. काडी राठ असते म्हणून रवंथ होतो, रवंथामुळे लाळ सुटते, आणि लाळेतला बायकार्बोनेट आम्लाचा जोर आवरतो. कापणी झालेल्या शेतात सांडलेलं धान्य मेंढीनं एकदम भरपूर खाल्लं, तर हाच तोल जातो आणि ती आजारी पडते.

(दृश्य : मेंढका एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवतो.)

पण उन्हाळ्याची खरी अडचण इथे हाताला लागते. पोट भरलेलं, तरी पाठीचा कणा टोचतो. गवतानं बी झाडलं की त्यातली प्रथिनं घसरतात, आणि लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडासारखा भाग, वाढतं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंना वाढीसाठी लागणारं, प्रथिनांतून मिळणारं नत्र पुरत नाही. ते मंदावतात, काडी फुटायला वेळ लागतो, कोटीपोट रिकामं होत नाही. जागाच नाही, म्हणून मेंढी खाणं कमी करते. मेंढीचं शरीर काटकसरही करतं: लघवीवाटे जाणारा, नत्र असलेला थोडा युरिया लाळेतून आणि रक्तातून परत कोटीपोटात वळवतं. ही काटकसर मला थक्क करते, पण तेवढ्यानं भागत नाही.

इथे मूठभर शेंगदाणा पेंडीचं मोल कळतं. भुईमुगाचा वाळला पाला, तुरीचं भुसकट, बाभळीच्या शेंगा यांनीही नत्र मिळतं आणि तेच गवत जास्त पचतं. नुसता युरिया मात्र कधीही चारू नये. तो जीव घेतो. आणि पाणी हवंच, कारण वाळल्या गवतात ते जेमतेम दहावा हिस्सा असतं. ज्याला गवत कापून ठेवायचंय, त्यानं ते फुलोऱ्यात कापावं. संक्रांतीनंतर कापलेली गंजी दिसायला मोठी, पण पोसायला कमी.

(दृश्य : पहिला पाऊस, हिरवा माळ.)

मृगानंतर उलटी गत होते. कोवळ्या गवतावर उपाशी मेंढ्या तुटून पडतात, पातळ हगतात. काही आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषानं होणाऱ्या आजारानं, थोड्याच तासांत दगावतात. त्याची लस पावसाच्या आधी टोचून घ्यायची असते. नव्या चाऱ्यावर जिवाणूंची घडी बसायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस कळप रानात सोडण्याआधी वाड्यावरच थोडा कडबा किंवा वाळलं गवत चारावं, आणि हिरव्यावर चरायचा वेळ रोज थोडाथोडा वाढवावा.