किल्ला लष्कराकडे, पण देखभालीची वही कुणाकडे?

श्रोतेहो, नमस्कार.

अहिल्यानगरचा, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून तरी पाहिला असेल. सोळाव्या शतकात हुसेन निजामशहानं दगडी तट उभारला. पुढे १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबीबीनं हाच किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारनं इथे काँग्रेसचे नेते आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव, आणि आपले शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच १९४४ साली लिहिलं. त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. कैदेच्या आवारात ते बागेसाठी जमीन खणत, तेव्हा खाली जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागत. एकदा तर दगडात कोरलेलं सुंदर कमळ दिसलं. पण खोल खणायला अधिकाऱ्यांची मनाई होती, त्यामुळे शोध तिथेच थांबला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. लष्करी जागेवरच्या वारशाची सगळी अडचण त्यात आली आहे. पायाखाली निजामशाहीचे वाडे आहेत, पण जागेचा धनी वेगळा आणि त्याचं काम वेगळं.

लष्करानं किल्ला राखला नाही, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. शहर चहूबाजूंनी वाढलं, तरी खंदक बुजवून तिथे गाळे उभे राहिले नाहीत. भिंतींवर बदाम कोरून नावं लिहिणाऱ्यांना आत मोकळं रान मिळालं नाही. पहाऱ्याचं हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पहारा म्हणजे जतन नव्हे. तटाच्या फटीत उगवलेल्या पिंपळाला पहारेकरी दिसत नाही, तो मुळं पसरून दगड सरकवतच राहतो. चुन्याच्या जुन्या बांधकामाला कुणी घाईनं सिमेंट फासलं, तर ओल आत कोंडते आणि शेजारचा दगड झिजू लागतो. लष्कराच्या बांधकाम विभागाचं पहिलं काम बरॅकी, पाणी, रस्ते. शिवाय अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. आस्थेनं लक्ष घालणारा अधिकारी गेला की त्याच्याबरोबर माहितीही जाते. म्हणून मी आग्रहानं म्हणतो, की प्रत्येक बुरुजाची, कमानीची लेखी नोंद हवी. कुठे तडा आहे, कधी दुरुस्ती झाली, चुना कोणता वापरला, हे सगळं त्यात असावं. ती वही लष्कर आणि पुरातत्त्व खातं या दोघांकडे असावी.

दिल्लीचा लाल किल्ला डिसेंबर २००३ मध्ये लष्करानं पुरातत्त्व खात्याकडे सोपवला आणि २००७ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. इंग्रजांनी १८५७ नंतर तिथले बरेच महाल पाडून बरॅकी बांधल्या होत्या. त्यांतल्या काही बरॅकींमध्ये आता संग्रहालयं आहेत. पण हस्तांतर हाच एक मार्ग, असं मी मानत नाही. नगरमध्ये चिलखती दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याच लष्करानं उभं केलेलं रणगाडा संग्रहालय सामान्य माणसाला पाहता येतं. तेव्हा सुरक्षा सांभाळून लोकांना आत घेण्याची शिस्त लष्कराला चांगली ठाऊक आहे. किल्ला पाहण्यासाठीही वर्षातले आणखी काही दिवस आधी जाहीर करून ठरवता येतील.

आणि खणण्याची भीती? आज जमिनीला कुदळही न लावता खालच्या भिंती दाखवणारी रडार यंत्रं आहेत. अशी पाहणी लष्करी परवानगीनं, त्यांच्याच देखरेखीखाली होऊ शकते.

नगरकरांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी किल्ल्याचे, खंदकाचे, झुलत्या पुलाचे जुने फोटो असतील, तर मागे साल लिहून त्यांच्या प्रती शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला द्या. तटाचा कोणता भाग कधी ढासळला, हे ठरवायला असा एक फोटोही पुरतो.

नमस्कार.