पुस्तकवाल्याच्या तोफा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या बोस्टनच्या बंदरात लोकांनी इंग्रज सरकारवर चिडून चहाच्या 342 पेट्या पाण्यात फेकल्या, ती 1773 सालची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. मी आज त्यानंतरची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली सांगतो.

19 एप्रिल 1775. लेक्सिंग्टन आणि काँकर्ड या दोन गावांत पहिल्या गोळ्या झडल्या. इंग्रज फौज माघारी बोस्टनमध्ये शिरली आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी शहराला वेढा घातला. जूनमध्ये बंकर हिलची लढाई झाली. टेकडी इंग्रजांनी घेतली खरी, पण त्यांचे हजारावर लोक मेले आणि जखमी झाले. पुढे सगळं अडलं. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकनांचे सेनापती म्हणून आले, पण त्यांच्याकडे मोठ्या तोफा नव्हत्या. वेढा होता, माणसं होती, तोफा नव्हत्या.

आता हेन्री नॉक्स. वय 25. बोस्टनमध्ये त्याचं पुस्तकांचं दुकान होतं आणि तोफखान्याची विद्या तो तिथल्याच पुस्तकांतून शिकला. दुकानात बसून पुस्तक वाचू द्यावं, असं मी फार वर्षं म्हणत आलोय. गिऱ्हाइकालाही आणि दुकानातल्या पोरालाही.

तर, उत्तरेला टिकॉन्डरोगाचा किल्ला मे महिन्यातच अमेरिकनांच्या हाती आला होता. तिथे तोफा पडून होत्या. नॉक्स म्हणाला, मी आणतो. भर हिवाळा, जवळजवळ 300 मैल वाट आणि सुमारे 60 टन वजन! आधी होड्यांतून लेक जॉर्ज ओलांडलं. मग त्यानं वॉशिंग्टनना कळवलं, 42 भक्कम बर्फगाड्या करवून घेतल्यात, 80 बैलजोड्यांची सोय केलीय.

पण हडसन नदीवरचं बर्फ पातळ. यांनी काय करावं? बर्फाला भोकं पाडली. खालचं पाणी वर येतं, पसरतं, रात्रीत गोठतं आणि थर जाड होतो. तरीही ऑल्बनीजवळ एक तोफ बर्फ फोडून बुडालीच. गावकरी धावले, तोफ वर काढली. नॉक्सनं तिथल्या तिथे तिचं बारसं केलं आणि नाव ठेवलं ‘ऑल्बनी’.

पुढे बर्कशायरचे डोंगर. ज्यांनी बैलगाडी हाकलीय त्यांना सांगायला नको, चढापेक्षा उतार वाईट. ओझं मागून जनावरांच्या अंगावर येतं. झाडांना दोर बांधून, एकेक झाड धरत, तोफा खाली सोडल्या. ब्लँडफर्डला गाडीवान अडून बसले, पुढे येत नाही म्हणाले. नॉक्सनं त्यांची तीन तास समजूत घातली. तीन तास! या गाडीवानांची नावं पाठ्यपुस्तकात हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

जानेवारी 1776 च्या अखेरीस तोफा आल्या. 4 मार्चच्या रात्री बोस्टनलगतच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या. चाकांचा आवाज होऊ नये म्हणून गवत वापरलं. जमीन गोठलेली, खणता येईना, म्हणून तटबंदीचे लाकडी सांगाडे आधीच तयार करून आणले होते. सकाळी बोस्टनमधल्या इंग्रजांना डोक्यावर तोफा दिसल्या. 17 मार्चला इंग्रज जहाजांत बसून शहर सोडून गेले.

नॉक्सची बायको ल्यूसी इंग्लंडच्या राजाच्या बाजूच्या घरातली. माहेरची माणसं इंग्लंडला गेली. तिला आईवडील पुन्हा कधी भेटले नाहीत.