मृदू पाण्याची साके

जपानच्या हिरोशिमा प्रांतात, सेतो समुद्राच्या काठावर आकित्सु नावाचं एक बंदर आहे. खाडीत कालवांची शेती चालते आणि गावात 1868 सालापासून इमादा कुटुंब साके, म्हणजे तांदळाचं जपानी मद्य, बनवतं. त्यांच्या साकेचं नाव फुकुचो.

साकेला लागतं काय? तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट. यातल्या पाण्यानेच या गावाला फार छळलं.

कोबेजवळच्या नादा भागातलं पाणी जड. त्यातल्या क्षारांवर यीस्ट जोमाने वाढतं. आकित्सुचं पाणी मृदू, क्षार अगदी कमी. आंबणं मध्येच मंदावायचं आणि केलेला माल नासायचा. इथल्याच मिउरा सेन्झाबुरो या साके बनवणाऱ्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले. कोजी दाण्याच्या आतपर्यंत रुजू द्यायची, मग थंडाव्यात, सावकाश आंबवायचं, ही रीत त्याने बसवली. आणि 1898 साली ती छापून सगळ्यांसाठी खुली केली! धंद्यातलं गुपित होतं ते. शोधापेक्षाही त्याचं हे मन मला मोठं वाटतं. आज गिंजो म्हणून नावाजलेली सुवासिक, नाजूक साके घडली, त्यात या रीतीचा वाटा फार मोठा आहे.

इमादांच्या घरात आज हे काम मिहो इमादा सांभाळतात. टोकियोत त्या नोह या पारंपरिक जपानी नाटकांच्या क्षेत्रात होत्या. 1990च्या दशकात घरी परतल्या, काम शिकल्या आणि तोजी झाल्या, म्हणजे साके घडवणाऱ्यांच्या प्रमुख. एके काळी बायकांना साके बनवण्याच्या कोठारांत पाऊलही टाकू देत नसत.

तांदळाकडे नीट बघा. उत्तम प्रतीच्या, म्हणजे दाइगिंजो साकेसाठी दाण्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग घासून काढतात. वरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश चव जड करतात, म्हणून हवा तो आतला पिठूळ गाभा. मग तांदूळ वाफवायचा. त्यातल्या काही भागावर कोजीचे बीजाणू भुरभुरायचे आणि उबदार खोलीत साधारण दोन दिवस, रात्रीसुद्धा उठून, दाणे हाताने मोकळे करत राहायचं. पुढे टाकीत कोजी स्टार्चची साखर करते आणि त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. तापमान दहा अंशांच्या आसपास, मुदत महिनाभर. घाई केली की सुगंध गेलाच. बाटली महाग का, ते इथे कळतं.

मिहोंनी हात्तानसो हा हिरोशिमाचा जुना तांदूळही पुन्हा पिकवायला घेतला. रोप उंच वाढतं, वाऱ्याने लोळतं, उतारा कमी. शेतकऱ्यांनी तो सोडला होता, यात त्यांचा काय दोष? जतन करून ठेवलेल्या बियाण्यापासून तो परत शेतात आला.

जुन्याची एवढी ओढ, पण नव्याचं वावडं नाही. एका साकेत मिहो शोचू या दुसऱ्या जपानी मद्यासाठी वापरली जाणारी पांढरी कोजी वापरतात. ती सायट्रिक आम्ल तयार करते, त्यामुळे साकेला लिंबासारखा आंबटपणा येतो. खाडीतल्या ताज्या कालवांबरोबर ही साके घेतली, तर वर लिंबू पिळावं लागत नाही.