रेकॉर्डच्या संगतीनं

(पडद्यावर: राइड सिम्बल. त्यावर काठीचं टोक.)

डिंग… डिंग-ड-डिंग… डिंग-ड-डिंग.

जॅझ ड्रम्स शिकायला बसलं की हा ठेका पहिल्याच दिवशी हातात येतो. उजव्या हाताची काठी राइड सिम्बलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर. डाव्या पायाखाली हायहॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी; दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला 'चिक्'. दाखवायला पाच मिनिटं पुरतात. ठेका डुलायला लागेपर्यंत मात्र वर्षं जातात, आणि त्यातली बरीचशी अशीच जातात. कानावर हेडफोन, समोर कुणी नाही, सोबतीला रेकॉर्ड.

पूर्वी लय धरायचं काम मुख्यतः बेस ड्रमकडे, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमकडे असे. १९४० च्या सुमारास ड्रमर केनी क्लार्क यांनी ते राइड सिम्बलवर आणलं, आणि बेस ड्रम मधूनच एखादा अनपेक्षित ठोका टाकायला मोकळा झाला. म्हणून या वाद्याची तालीम सिम्बलपासून सुरू होते.

आता तो मधला छोटा 'ड' ऐका. संथ लयीत तो पुढच्या मात्रेला जवळजवळ चिकटून येतो. लय वाढली की मागे सरकत दोन मात्रांच्या मध्यावर येऊ लागतो. नेमका किती सरकतो, हे कागदावर लिहून सांगता येत नाही. ते कानानंच उचलावं लागतं.

(पडद्यावर: फिरणारी तबकडी.)

'काइंड ऑफ ब्लू' हा जॅझ अल्बम. १९५९, न्यूयॉर्क. माइल्स डेव्हिस यांचा ट्रम्पेट, पॉल चेंबर्स यांचा बेस (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य), ड्रम्सवर जिमी कॉब. पहिली रचना 'सो व्हॉट'. धून संपते, ट्रम्पेट एकटा पुढे येतो, आणि नेमक्या त्या क्षणी कॉब सिम्बलवर एक ठोका देतात. त्याची आस कितीतरी वेळ रेंगाळते. प्रत्येक शिकणाऱ्याला तो ठोका वाजवायचा असतो, आणि वाजवावाच, इतका तो देखणा आहे. पण खरी तालीम त्याच्या पुढे आहे. तिथून शेवटपर्यंत कॉब बहुतेक वेळ नुसता ठेका धरून असतात. तेवढा वेळ तसं धरून राहून बघा.

रचनेचं आवर्तन ३२ बारचं, एक बार चार मात्रांचा. १६ बार एका जागी, मग ८ बार अर्धा सूर वर, मग ८ बार परत खाली. मोजणी चुकली असेल तर इथे कळतं. बेस वर सरकतो आणि आपण बेसावध सापडतो. आवर्तन अंगात भिनलं की बेस सरकण्याआधीच हाताला चाहूल लागते.

आणि बेस ऐकू येईनासा झाला, तर आपण जोरात वाजवतोय. अशा वेळी हेडफोनचा आवाज वाढवू नये, काठी खाली आणावी. सिम्बलपासून चार बोटांवर.

मूळ ड्रमर कानात असला की आपली ढिलाई त्याच्या आडोशाला लपते. म्हणून पुढची पायरी म्हणजे ड्रम्स वगळलेलं ध्वनिमुद्रण. आपलं वाद्य वगळून बाकीचा मेळ देणाऱ्या अशा रेकॉर्ड 'म्युझिक मायनस वन' ही कंपनी १९५० पासून काढत आली. त्यांच्यासोबत वाजवताना पडलेलं प्रत्येक भगदाड आपलंच असतं. एक गोष्ट मात्र कुठलीच रेकॉर्ड देत नाही. आपण स्नेअर या छोट्या ड्रमवर काही सुचवलं, तरी तो ट्रम्पेट वळून बघणार नाही. त्यासाठी माणसंच लागतात.

(पडद्यावर: आवाजाच्या बटणावर हात.)

शेवटी ही एक परीक्षा. रेकॉर्ड चालू ठेवायची, आवाज पूर्ण बंद करायचा, आणि १६ बार एकट्यानं वाजवायचे.

डिंग… डिंग-ड-डिंग…

चौदा. पंधरा. सोळा. आवाज परत वर.

बेस अर्धी मात्रा पुढे निघून गेलाय.

सुई पुन्हा सुरुवातीला.