ठणकणारी दाढ आणि लवंगेचं तेल

(दृश्य: तुर्भे, मसाला मार्केट. उघडी गोणी, व्यापाऱ्याचा हात.)

लवंग पारखायची तर जाणता माणूस एक दाणा उचलतो आणि नखानं दाबतो. चांगल्या लवंगेतून तेल बाहेर येतं, नखाला चकाकी येते. तेल आधीच काढून घेतलेली लवंग कोरडी, सुरकुतलेली आणि हलकी लागते. ही खरं तर न उमललेल्या फुलाची वाळवलेली कळी. तिच्यात वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं आणि त्या तेलात सर्वांत जास्त असतं ते युजेनॉल.

(दृश्य: सानपाड्यातलं स्वयंपाकघर. औषधांचा डबा.)

रात्री दाढ ठणकायला लागते तेव्हा दवाखाने बंद झालेले असतात. मग आजीच्या डब्यातली छोटी बाटली बाहेर येते. "दाढेत बोळा धर, रात्र तरी निघून जाईल," आजी म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. युजेनॉलनं नस काही काळ बधिर होते. दंतवैद्यसुद्धा ते वापरतात. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दाढ तात्पुरती भरतात. दातांच्या दवाखान्यात शिरताच लवंगेचा वास येतो तो त्याचाच.

आजींचे हात नीट पाहा. चमचाभर खोबरेल तेलात लवंगेच्या तेलाचा एखाद-दुसरा थेंब, त्यात कापसाचा इवलासा बोळा, तोही पिळून. तो फक्त दाढेवर ठेवायचा, हिरडीला लागू द्यायचा नाही. नुसतं तेल लावलं तर हिरडी भाजते, पांढरी पडते, तिची सालं निघतात. आणि लहान मुलांना हे तेल नकोच. काही मिलिलिटर पोटात गेल्यानं मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बाटली वरच्या फळीवरच असू द्या.

तेलाच्या गुळण्यांची परंपरा तर फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात तेलाचा गंडूष, म्हणजे तोंडात तेल धरून ठेवणं, सांगितला आहे. जबड्याला बळ येतं, घसा कोरडा पडत नाही, ओठ फुटत नाहीत, असे त्याचे गुण दिले आहेत. आजच्या काही छोट्या अभ्यासांतही तीळतेलाच्या किंवा खोबरेल तेलाच्या गुळण्यांनी दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज थोडी कमी झालेली दिसते. तेव्हा सकाळी गुळण्या जरूर करा, पण ब्रश सोडू नका. तेल गिळायचं नाही, आणि बेसिनमध्येही टाकायचं नाही. थंडीत खोबरेल थिजतं आणि पाइप तुंबतो.

(दृश्य: दातांच्या दवाखान्यातला एक्स-रे. कॅमेरा दाढेच्या मुळाशी.)

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दाताच्या वरच्या कवचाला संवेदना नसते, म्हणून कीड लागली तरी सुरुवातीला काहीच कळत नाही. ती आत उतरली की गार पाणी झोंबतं. नसेपर्यंत पोचली की ठणका सुरू होतो, आणि आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढून तो आणखी वाढतो. चार-आठ दिवस तेलाचे बोळे चालतात. मग एक दिवस दुखणं अचानक थांबतं. घरात सगळे म्हणतात, तेलानं गुण आला. खरं तर आतली नस मेलेली असते. दुखायला काही उरलेलं नसतं, पण जंतूंचं काम चालूच असतं, मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे. काही महिन्यांनी गाल सुजतो, ताप भरतो, तोंड उघडत नाही. जी दाढ भरून वाचली असती, ती काढावी लागते. तेलाला दोष देऊ नका. त्यानं मिळवून दिलेली रात्र आपण महिनाभर लांबवतो.

तोंड आलं तर साजूक तूप लावा, जाईचा पाला चघळा, आराम पडतो. पण दोन आठवड्यांत भरला नाही असा फोड, न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, यांवर कुठलंही तेल लावत बसू नका. मिश्री लावणाऱ्या मावशी, सुपारी-गुटखा खाणारे दादा, तुम्ही तर मुळीच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण सुपारीनं आखडलेली तोंडं आजही दिसतात. आरशासमोर उभे राहा आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील, तर तपासणी लगेच करून घ्या.

नेरूळ, कामोठे, खारघर या भागांत दंत महाविद्यालयं आहेत. त्यांच्या ओपीडीत खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात दात तपासून मिळतात. सकाळी लवकर जा. घरी काय लावत होतात, किती दिवस लावलं, ते डॉक्टरांना न संकोचता सांगा आणि तेलाची बाटलीही सोबत न्या.