वाट्या किती फिरल्या, वारा किती होता

मंडळी, 17 मे 2021चा दिवस आठवा. तौक्ते वादळ मुंबईजवळून, समुद्रातूनच गुजरातकडे सरकत होतं. सी लिंक बंद केला होता. कुलाब्याला वाऱ्याने ताशी 100 किलोमीटर ओलांडल्याची बातमी टीव्हीवर होती. आमच्या मजल्यावरच्या आजींनी मला विचारलं, "एवढा वारा दिवसभर होता का रे?" आज मी बोलणार आहे ते त्याच प्रश्नावर.

दिवसभर नव्हता. तो झोताचा आकडा, जेमतेम काही सेकंदांचा. सरासरी वारा त्याहून बराच कमी असतो. जगभरचा संकेत असा, की मोकळ्या जागी, जमिनीपासून 10 मीटर उंचीवर, 10 मिनिटांची सरासरी घ्यायची. चक्रीवादळासाठी आपलं हवामान खातं 3 मिनिटांची धरतं. म्हणून आकडा कानावर आला की मी आधी विचारतो, किती वेळाचा आणि किती उंचीवरचा?

वारा मोजणाऱ्या यंत्रांना हा फरक टिपता यायला फार काळ गेला. 15व्या शतकात इटलीत अल्बर्टी नावाच्या वास्तुविशारदाने टांगलेली पट्टी वापरली. वारा जितका जोरात, तितकी ती वर उचलली जायची. झोत टिपून ठेवायची मात्र काही सोय नव्हती.

आता हे बघा. रबरी चेंडू मधोमध कापून दोन्ही अर्धुकं पट्टीच्या टोकांना चिकटवलीत, तोंडं एकमेकांच्या उलट. मध्ये टाचणी. टेबलफॅनसमोर धरतो... फिरली! पोकळ बाजूत वारा अडतो, फुगीर बाजूवरून निसटून जातो. फॅन या बाजूला आणला तरी ती त्याच दिशेने फिरते. वाऱ्याकडे तोंड करायची गरजच नाही! आयर्लंडमध्ये आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी 1846 साली चार वाट्यांचं यंत्र केलं ते याच तत्त्वावर.

पण त्यांनी एक नियम सांगितला. वाटी केवढीही असो, दांडी केवढीही असो, वारा वाट्यांच्या तिप्पट वेगाने वाहतो. तो चुकीचा निघाला. वाटी आणि दांडीच्या मापाप्रमाणे तो गुणक दोनपासून तीनच्या थोडा वरपर्यंत बदलतो. म्हणजे तिपटीच्या हिशेबात कित्येक नोंदींतला वारा होता त्याहून जोरदार लिहिला गेला. मला याचं खरंच वाईट वाटतं. भर पावसात गच्चीवर चढून आकडा उतरवून घेणाऱ्याची काहीच चूक नव्हती.

पुढे 1926 साली कॅनडात पॅटरसन यांनी तीन वाट्यांचं यंत्र केलं. आपण बहुतेक ठिकाणी बघतो ते तेच. तरी वाटीला वजन असतं. झोत आला की ती पटकन वेग घेते, झोत ओसरला तरी लगेच मंदावत नाही.

झोत नीट पकडला तो इंग्रज हवामानतज्ज्ञ डाइन्स यांनी, आणि त्यामागे एक भीषण अपघात आहे. 28 डिसेंबर 1879च्या रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला, गाडीसकट. एकही प्रवासी वाचला नाही. पूल बांधताना वाऱ्याच्या दाबाचा विचार जवळजवळ झालाच नव्हता. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पूल पाडायला एक झोत पुरतो, तिथे दिवसाची सरासरी काय कामाची? डाइन्स यांनी 1892मध्ये दाबनळीचं यंत्र पुढे आणलं. नळीचं तोंड वाऱ्याकडे वळतं, आत शिरलेल्या वाऱ्याच्या दाबाने पाण्यावरचा तरंगक वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ काढते. ती रेघ सरळ येतच नाही, दातेरी येते. प्रत्येक दाता म्हणजे एक झोत. मी तर या यंत्राला वाट्यांपेक्षा मोठं मानतो.

आता ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रंही आली आहेत. त्यांत फिरणारा भागच नसतो. ध्वनीला वाऱ्याबरोबर जायला कमी वेळ लागतो, वाऱ्याविरुद्ध जास्त, आणि त्या फरकावरून वेग काढतात.

तुमच्यापैकी कितीतरी जण गणपतीला कोकण रेल्वेने गावी जाता. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या आधी पानवलचा पूल लागतो, 64 मीटर उंच. तिथे वारा मोजणारं यंत्र बसवलंय. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाडी पुलावर सोडत नाहीत. तुम्ही डब्यात बसून म्हणता, "का थांबली?" तेव्हा पुलावर तो झोत मोजला गेलेला असतो.